निगेटिव्हवरून लघुपट: स्थिर चित्र पडद्यावर निर्जीव का वाटतं?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

कोल्हापूरच्या एका दिवंगत छायाचित्रकाराच्या निगेटिव्हवरून साधारण १२ मिनिटांचा प्रायोगिक लघुपट करायचा आहे. हलतं चित्रण अजिबात नाही, फक्त त्यांची छायाचित्रं आणि ध्वनी. साहित्य असं: ३५ मिमीची ३४० कृष्णधवल निगेटिव्ह, सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत कापलेली, आणि १२० फिल्मवरची ६×६ ची ६४. काळ १९६८ ते १९८३. विषय मुख्यतः चार: तालमीतला सराव, गुऱ्हाळं, एसटी स्टँड आणि स्टुडिओत बसवून काढलेले फोटो.

साधनं: २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा, ६० मिमीची मॅक्रो लेन्स, एलईडी पॅनल, डाविंची रिझॉल्व्ह या संकलन सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती. टाइमलाइन १९२०×१०८०, सेकंदाला २४ फ्रेम.

सहा मिनिटांचं कच्चं संकलन झालंय आणि ते लग्नाच्या स्लाइड शोसारखं दिसतंय. हळू झूम केला की कौलांच्या आणि लुगड्यांच्या काठांच्या रेषा थरथरतात. चित्र न हलवता ठेवलं तर तीन सेकंदांत व्हिडिओ अडकल्यासारखा वाटतो. एका चित्रातून दुसऱ्यात डिझॉल्व्ह होताना मधेच सगळं राखाडी पडतं. यूट्यूबवर चढवलं की स्थिर चित्र ठरावीक अंतराने हलकेच धडधडतं. निवेदन सुमारे १४०० शब्दांचं लिहिलंय, ते जास्त होतंय का? आणि छायाचित्रकारांच्या थोरल्या मुलाने तोंडी परवानगी दिली आहे, तेवढी पुरते का?

क्रिस मार्करच्या ‘ला जेते’ या लघुपटामध्येही चित्रं स्थिरच आहेत, पण तो पडदा जिवंत वाटतो. फरक नेमका कुठे पडतो?

काचपट्टी

आधी स्कॅनिंग पाहू, कारण तुमच्या थरथरीचं निम्मं मूळ तिथे असू शकतं.

३५ मिमीची फ्रेम ३६×२४ मिमी, तुमचा सेन्सर साधारण २३.५×१५.६. म्हणजे काठोकाठ भरायला ०.६५ पट वर्धन पुरे, १:१ वर जायची गरज नाही. ६००० पिक्सेल ३६ मिमीवर पसरले की इंचाला सुमारे ४२३० नमुने मिळतात. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने, त्या काळच्या ओर्वो किंवा इंदू फिल्मवर काढलेल्या चित्रात याहून बारीक तपशील सहसा नसतो. पुढे फक्त दाणा मोठा होतो. पिक्सेलच्या हिशेबाने १९२० च्या टाइमलाइनवर तीन पट आत जाता येईल. चित्राच्या हिशेबाने मी दुपटीवर थांबेन.

६×६ ची फ्रेम प्रत्यक्षात ५६ मिमी चौरस असते. एका टिपणीत ती ४००० पिक्सेल चौरस येते आणि १०८० उंचीच्या पडद्याला ते भरपूर आहे. एखाद्या चित्रात चेहऱ्यापर्यंत जायचंच असेल तर तेवढ्यापुरतं ०.४५ पटीवर चार तुकड्यांत टिपून जोडा, सुमारे ६४०० पिक्सेल मिळतील. सगळ्या ६४ ना हे करत बसू नका.

मांडणी: एफ ८, आयएसओ १००, रॉ, शटरला हात न लावता टायमर. निगेटिव्ह पॅनलपासून तीन-चार सेंटिमीटर वर धरा, नाहीतर पॅनलच्या दुधी काचेवरची धूळही फोकसमध्ये येते. समांतरपणा तपासायला निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की झालं. निगेटिव्हभोवती काळा कागद लावून उरलेला प्रकाश बंद करा, तो लेन्समध्ये शिरला की काळा रंग धुरकट होतो. पट्टी वाकडी असेल तर साधी काच दाबू नका, न्यूटनची कडी (वलयांची नक्षी) उमटतात. अँटी-न्यूटन काच घ्या, खरखरीत बाजू फिल्मकडे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवा आणि संपूर्ण रोलला एकच ठेवा. दोन फ्रेममधली कोरी पट्टी हिस्टोग्रामच्या उजव्या टोकाला जेमतेम न टेकेल एवढा प्रकाश द्या. ऑटोवर टिपलं तर कॅमेरा प्रत्येक फ्रेम आपल्या मनाने उजळ-अंधारी करतो, आणि लागोपाठची पाच चित्रं टाइमलाइनवर शेजारी ठेवली की उजेड उड्या मारतो. मग तो रंगसंस्कारात हाताने जुळवत बसावं लागतं. उलटवतानाही तेच: डार्कटेबल या फुकट सॉफ्टवेअरच्या नेगाडॉक्टरमध्ये एका फ्रेमचं सेटिंग ठरवून पूर्ण रोलला चिकटवा. ऑटो लेव्हल्स नाही, शार्पनिंग शून्य, १६ बिट टिफ.

धुळीसाठी स्कॅनरवाल्याकडे गेलात तर तो इन्फ्रारेड सफाई चालू करेल. नको म्हणा. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममध्ये प्रत्यक्ष चांदी असते, ती इन्फ्रारेड अडवते, आणि सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतं. ब्लोअर आणि मऊ अँटिस्टॅटिक ब्रश, बाकी डाग संगणकावर हाताने. एका फ्रेमला पाच ते दहा मिनिटं जातात, म्हणून आधी निवड, मग सफाई.

पाकिटं उघडताना व्हिनेगरसारखा वास आला तर त्या पट्ट्या लगेच वेगळ्या काढा. अॅसिटेट कुजायला लागलंय आणि त्याची वाफ शेजारच्या पट्ट्यांनाही लागते. बुरशी दिसली तर पाण्याने धुऊ नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात सुटतं आणि चित्रच वाहून जातं.

कात्री

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ‘ला जेते’तलं छायाचित्र स्थिर आहे, पण पडद्यावर चाललेली फिल्म स्थिर नव्हती. १९६२ साली ती छायाचित्रं ३५ मिमी सिनेफिल्मवर पुन्हा टिपली गेली. एकच छायाचित्र चार सेकंद धरलं तर सिनेफिल्मच्या ९६ फ्रेम होतात आणि त्या प्रत्येक फ्रेमचा दाणा वेगळा. प्रोजेक्टरमध्ये फिल्म केसभर इकडे-तिकडे डुलतेही. छायाचित्राच्या वर एक अखंड वळवळता पडदा असतो आणि डोळा त्यालाच ‘वेळ जातोय’ असं समजतो. तुमच्या टाइमलाइनवर एकच फ्रेम ९६ वेळा जशीच्या तशी येते. दाणा आहे, पण तोही गोठलेला. म्हणून अडकल्यासारखं वाटतं. झूम हा त्यावरचा उपाय नव्हे. बहुतेक जण तिथेच चुकतात.

आता झूमबद्दल. थरथरीची दोन कारणं. पहिलं, वेग फारच कमी. १० सेकंदांत ४ टक्के झूम म्हणजे पडद्याची कड २४० फ्रेममध्ये ३८ पिक्सेल सरकते, फ्रेममागे ०.१६ पिक्सेल. एवढ्या बारीक हालचालीत कौलाची प्रत्येक रेषा कधी या पिक्सेलवर, कधी शेजारच्या दोहोंत वाटलेली, असं होत राहतं. दुसरं, ६००० पिक्सेलचं चित्र १९२० वर उतरवताना बारीक तपशील नीट गाळला जात नाही, तो चमचमत राहतो. उपाय: जे चित्र हलवायचं त्याची आधीच ३२०० पिक्सेल रुंदीची प्रत काढा, त्यावर ०.४ पिक्सेलचा ब्लर द्या, प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रीसाइझ फिल्टर ‘स्मूदर’ ठेवा. झूम केलेली क्लिप कंपाउंड क्लिपमध्ये गुंडाळून त्यावर पुन्हा झूम करू नका. कंपाउंड झाली की ती टाइमलाइनच्याच आकाराची होते आणि मूळचे पिक्सेल जातात.

झूमची चालही तपासा. १०० वरून २०० टक्क्यांवर १० सेकंदांत सरळ रेषेत गेलात, तर पहिल्या सेकंदाला चित्र १० टक्क्यांनी वाढतं आणि शेवटच्या सेकंदाला जेमतेम ५ टक्क्यांनी. डोळ्याला झूम दमल्यासारखा दिसतो. प्रत्येक सेकंदाला सारख्याच प्रमाणात, इथे सुमारे ७.२ टक्के, वाढ हवी. आफ्टर इफेक्ट्समध्ये त्यासाठी ‘एक्स्पोनेन्शियल स्केल’ आहे. रिझॉल्व्हमधल्या फ्यूजन पानावर स्प्लाइनचा वक्र हाताने वर वळवा. पॅनचा जुना नियम अजून चालतो: एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किमान सात सेकंद घ्यावीत. १९२० पिक्सेलवर ते फ्रेममागे साधारण ११ पिक्सेल होतात. त्याहून जलद गेलात की २४ फ्रेमवर चित्र ठेचकाळतं.

हालचाल करायचीच तर तिला कारण हवं. १९५७ साली कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने क्लोंडाइकच्या सोन्याच्या धावपळीच्या जुन्या काचनिगेटिव्हवरून ‘सिटी ऑफ गोल्ड’ केला. त्यात कॅमेरा छायाचित्राच्या आत अगदी मुरलेल्या हाताने फिरतो. त्यासाठी कॅमेऱ्याच्या सरकण्याचा मार्ग आणि वेग बिंदू-बिंदूने आखून घेतला होता. तिथे हालचाल गर्दीतून एक माणूस शोधून काढते. तुमच्या एसटी स्टँडच्या गर्दीत असं एखादं चित्र असेल तर तिथे जरूर करा. बाराही मिनिटं करू नका.

राहिला काळ. सगळी ४०४ चित्रं घातलीत तर सरासरी पावणेदोन सेकंद. ते अशक्य नाही: आन्येस वार्दाने क्युबातल्या आपल्या छायाचित्रांवरून १९६३ साली केलेल्या लघुपटात अर्ध्या तासात सुमारे १५०० चित्रं आहेत, म्हणजे सरासरी सव्वा सेकंदाच्या आसपास. पण ती लागोपाठ टिपलेली नाचाची, चालण्याची चित्रं संगीताच्या ठेक्यावर बसवली आहेत. तुमच्याकडे तसा ऐवज फक्त तालमीत असणार. बाकीच्यासाठी ९० ते १२० चित्रं निवडा आणि लांबी असमान ठेवा. माझा अंदाज असा: ६ ते ८ फ्रेममध्ये ‘माणूस आहे’ एवढंच कळतं, ३६ फ्रेममध्ये तो काय करतोय ते, आणि ९६ फ्रेमनंतर प्रेक्षक कोपरे पाहायला लागतो, भिंतीवरचं कॅलेंडर, मागे उभं असलेलं पोर. स्टुडिओतल्या एखाद्या पोर्ट्रेटला तब्बल १५ सेकंद द्या. आठव्या सेकंदाला अवघड वाटायला लागतं आणि तेच हवं असतं.

तालमीतल्या लागोपाठच्या चित्रांबाबत एक सावधानता. अंगठ्याने लिव्हर ओढून पुढची फ्रेम घ्यायला दीड-दोन सेकंद जातात. म्हणजे एकेरी पटाच्या पाच चित्रांत मधली हालचाल नाहीच. ती दोन-दोन फ्रेमवर पळवलीत तर हालचाल न दिसता नुसता झगमगाट होतो. (सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, अपस्मार असलेल्या प्रेक्षकाला ते धोक्याचं आहे.) प्रत्येक चित्र १६ ते २० फ्रेम धरा आणि मधे थेट कट. मधली उडी प्रेक्षक स्वतः भरतो.

डिझॉल्व्ह: अर्ध्यावर दोन्ही चित्रं पन्नास-पन्नास टक्के असतात, दोघांचाही काळा आणि पांढरा निम्मा होतो, म्हणून राखाडी. हे टळत नाही. त्याचं खटकणं मात्र टळतं, आकार जुळवले की. दोन्ही चित्रांतले डोळे किंवा क्षितिज पडद्यावर एकाच जागी आणा. आणि रिझॉल्व्ह देतं तो एक सेकंदाचा डिझॉल्व्ह जिथे दिसेल तिथे काढा. एकतर ८ ते १० फ्रेम, नाहीतर तीन सेकंदांच्या पुढे. मधला एक सेकंद म्हणजेच स्लाइड शो.

आणखी एक: फायलींना ०००१, ०००२ अशी नावं असतील तर रिझॉल्व्ह त्या सगळ्यांची मिळून एकच क्लिप करतो. मीडिया पेजवर तीन ठिपक्यांच्या यादीतून फ्रेम डिस्प्ले मोड ‘इंडिव्हिज्युअल’ करा.

पंचगंगाकाठ

खूप उपयोग झाला, आभार. एकच क्लिप होण्याचा प्रकार इथेही झाला होता, एकेक फाइल वेगळी ओढून वेळ काढला होता.

दोन उपप्रश्न. दाणा फुकट आवृत्तीत कसा घालायचा, आणि किती? ‘ला जेते’त एकच हलतं चित्र आहे, ती बाई डोळे उघडते ते. तसं शेवटी आजच्या रंकाळ्याचं रंगीत चित्रण दहा सेकंद ठेवावं असा विचार आहे. चालेल का?

दाणेदार

रिझॉल्व्हचा फिल्म ग्रेन इफेक्ट फुकट आवृत्तीत वॉटरमार्कसकट येतो, तो सोडा. तीन वाटा आहेत. आफ्टर इफेक्ट्स असेल तर त्यातला ‘अॅड ग्रेन’. नसेल तर एफएफएमपेग या फुकट साधनाचा नॉइज फिल्टर, ‘टेम्पोरल’ पर्याय चालू करून, ताकद ६ ते १०. तिसरी वाट मला सगळ्यात आवडते: मध्यम राखाडी कागद मुद्दाम फोकसबाहेर ठेवून तुमच्याच कॅमेऱ्याने आयएसओ ६४०० वर व्हिडिओ घ्या, रंग काढून टाका, आणि तो सगळ्यात वरच्या ट्रॅकवर ‘ओव्हरले’ मोडमध्ये १५ ते २५ टक्के अपारदर्शकतेने ठेवा. किमान २० सेकंद सलग घ्या. दोन सेकंदांचा तुकडा फिरवत बसलात तर नक्षी ओळखू येते. राखाडीची पातळी ५० टक्क्यांवर नसेल तर संपूर्ण चित्र उजळ किंवा काळं होईल, ते आधी जुळवून घ्या.

दाणा एकेका चित्रावर लावू नका. सगळ्याच्या वर एकच थर. चित्र झूम झालं तरी दाण्याचा आकार तोच राहायला हवा, कारण तो छायाचित्राचा दाणा नसून सिनेमाचा आहे. दोन दाणे एकावर एक आले तर बिघडत नाही. ‘ला जेते’तही तसेच होते. प्रोजेक्टरच्या गेटमधली फिल्मची डुलणूक घालायची तर ०.३ ते ०.५ पिक्सेल, त्याहून जास्त नाही. ओरखडे, केसाचे तुकडे, कोपरे काळे करणं यांपैकी काही घालू नका. ते त्या निगेटिव्हवर नव्हतं.

यूट्यूबवरची धडधड: एच.२६४ या व्हिडिओ कॉम्प्रेशनमध्ये ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम येते आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त फरक साठवलेला असतो. स्थिर चित्रात फरक शून्य, म्हणून मधल्या फ्रेम मऊ होत जातात आणि पुढची पूर्ण फ्रेम आली की सगळं एकदम कडक दिसतं. तीच धडधड. हलता दाणा घातला की ती बरीचशी लपते, पण दाण्याला बिटरेट लागतो. कमी पडला तर दाण्याचे चौकोनी डाग होतात. म्हणून मास्टर प्रोरेस ४२२ एचक्यू १० बिटमध्ये काढा. १०८० ला, २४ फ्रेमवर सेकंदाला सुमारे १७६ मेगाबिट, १२ मिनिटांचे जवळपास १६ जीबी. तीच फाइल चढवा. यूट्यूबसाठी तिची २१६० ची प्रत काढून चढवली तर वरच्या दर्जाचा बिटरेट मिळतो आणि दाणा अधिक टिकतो. फेड टू ब्लॅक ८ बिटमध्ये केलात तर आकाशात पट्टे पडतात, १० बिट आणि दाणा दोन्ही असले की पडत नाहीत.

रंकाळ्याबद्दल: माझ्या मते नको. मार्करच्या त्या हलत्या चित्राआधी त्याच बाईची, त्याच अंथरुणावरची, त्याच उजेडातली स्थिरचित्रं एकमेकांत विरघळत येतात, वर पक्ष्यांचा किलबिलाट वाढत जातो, आणि मग ती डोळे उघडते. चौकट तीच, माणूस तोच, रंगही तेच, बदलते ती फक्त हालचाल. आजचा रंगीत रंकाळा आणलात तर काळ, रंग, कॅमेरा आणि नजर सगळं एकदम बदलतं. तो ‘तेव्हा आणि आता’ होतो.

कात्री

रंकाळ्याबाबत सहमत. हलतं चित्र हवंच असेल तर निगेटिव्हची पट्टी लाइट पॅनलवरून हाताने सरकवताना टिपा. छिद्रं आणि कडेचे क्रमांक दिसतील, फ्रेम एकामागून एक जातील. हालचाल त्याच वस्तूची राहील. पट्टीची पूर्ण ३५ मिमी रुंदी तुमच्या सेन्सरवर बसवायला ०.४४ पट धरा. व्हिडिओत सेन्सर वरून-खालून कापला जातो, तेव्हा प्रत्यक्षात ०.३७ च्या आसपास. पॅनल मंद केलेलं असेल तर व्हिडिओत पट्टे फिरताना दिसतात. पूर्ण उजेडावर ठेवा आणि शटर १/५० करून आधी दहा सेकंद तपासून घ्या.

चौकट

‘कात्री’ यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण १६:९ साठी कापण्याबद्दल कुणीच बोललेलं नाही. ३:२ चं चित्र पडदाभर केलं तर उंचीतला साडेपंधरा टक्के भाग जातो. ६×६ मध्ये तर ४४ टक्के. त्या छायाचित्रकाराने व्ह्यूफाइंडरमध्ये पायापर्यंत पाहून रचना केली होती, आणि आपण पैलवानाचे पाय कापतो. पूर्ण चौकट दाखवा: ३:२ साठी १६२०×१०८०, दोन्ही बाजूंना दीडदीडशे पिक्सेल काळे, ६×६ साठी १०८० चौरस, बाजूंना ४२०. हा बदलता आकार लपवू नका. रुंद चित्रानंतर चौरस आलं की प्रेक्षक बसल्या जागी सावरून पाहतो. तपशिलात जायचं तेव्हा आधी पूर्ण चौकट दाखवा, मग कट करून तपशील.

आणि छायाचित्रातला माणूस कापून पुढे आणणं, मागची भिंत वेगळी सरकवणं, किंवा हल्ली एआयने चेहरा हलवून डोळे मिचकावणं, यातलं काही करू नये. कापलेल्या माणसामागे जी भिंत दिसते ती कुणी पाहिलेली नसते, सॉफ्टवेअरने रचलेली असते. गुऱ्हाळातली वाफ तर नीट कापताच येत नाही, कडा करवतल्यासारख्या दिसतात.

कात्री

‘चौकट’ यांचं म्हणणं मान्य, फक्त एसटी स्टँडच्या गर्दीच्या भागात मी अपवाद करीन. तिथे पडदा कडेपर्यंत भरलेला हवा.

शड्डू

ध्वनीकडे येतो, कारण अशा लघुपटात निम्मं काम तोच करतो.

१४०० शब्द फार झाले. मराठी निवेदन सावकाश वाचलं तर मिनिटाला १०० ते ११० शब्द होतात; म्हणजे तेरा-चौदा मिनिटं नुसतं बोलणं, लघुपटापेक्षा लांब. ५०० पर्यंत आणा आणि सलग वाचू नका. पहिली कात्री त्या वाक्यांना लावा ज्यांत चित्रात दिसणारंच सांगितलंय. चित्रात काहील दिसते, मग ‘गुऱ्हाळात काहिलीत रस उकळतोय’ कशाला? त्याऐवजी चित्रात न दिसणारं सांगा: वास, त्या दिवशीचा गुळाचा भाव, चुलवाणाला जाळ घालणाऱ्याचं नाव. हॉलिस फ्रॅम्प्टनने १९७१ च्या ‘नॉस्टॅल्जिया’त याहून कडक प्रयोग केला आहे. एकेक छायाचित्र तापल्या शेगडीवर जळत जातं आणि निवेदन पुढच्या, अजून न दिसलेल्या चित्राचं चालू असतं. प्रेक्षक एकाच वेळी आठवतो आणि वाट पाहतो. तसंच करा असं नाही, पण निवेदन चित्रापासून सोडवता येतं एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

ध्वनी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तालमीचा ध्वनी तालमीतच घ्या: मातीवर पाऊल, शड्डू, जोर मारतानाचा श्वास. प्रत्येक ठिकाणी कुणीही न बोलता दोन मिनिटं तिथली शांतता मुद्रित करा. टाइमलाइनवर कुठेही पूर्ण रिकामा ध्वनी ठेवू नका. स्थिर चित्र आणि डिजिटल शून्य एकत्र आलं की सभागृहात लोक मागे वळून प्रोजेक्टरकडे पाहतात. शांतता हवी असेल तर तीच मुद्रित शांतता अगदी खाली, उणे ५० डेसिबलच्या आसपास ठेवा.

एसटी स्टँड कठीण आहे. आज तिथे मुद्रण केलंत तर मोबाइलच्या रिंगा आणि गाडी मागे घेतानाची पीपी येणारच. सगळं दृश्य सलग उभं करण्याच्या नादी लागू नका. सुटे, ओळखीचे दोन-तीनच ध्वनी पुरतात: कंडक्टरच्या दोरीची डबल घंटी, तिकीट पंचाची टकटक, टपावर सामान आपटल्याचा आवाज. प्रत्येक दिसणाऱ्या वस्तूला आवाज दिलात तर ते रेडिओनाट्य होतं.

चित्राचा कट आणि ध्वनीचा कट एकाच फ्रेमवर नको. ध्वनी ६ ते ८ फ्रेम आधी आणा. पुढचं चित्र येण्याआधी कान तिथे पोचलेला असतो आणि कट खटकत नाही. तालमीच्या पाच चित्रांत उलट करा: श्वास सलग, चित्रं तुटक. ध्वनी अखंड असला की चित्रामधली पोकळी हालचालीसारखी वाटते.

पातळी: वेबसाठी सरासरी उणे १४ ते उणे १६ लफ्स (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं एकक), टोक उणे १ च्या वर नाही. महोत्सवाच्या प्रतीसाठी त्या आकड्यामागे लागू नका, शांत जागा शांतच राहू द्या आणि एखाद्या खऱ्या सभागृहात ऐकून मिश्रण ठरवा.

कलम

परवानगीबद्दल. तोंडी पुरत नाही, आणि एकट्या मुलाचीही पुरत नाही.

निगेटिव्ह ज्याच्या कपाटात आहेत तो कॉपीराइटचा मालक असतोच असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकार, आणि कलम १७ प्रमाणे सहसा पहिला मालकही तोच. पण त्याच कलमात अपवाद आहे: पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो गिऱ्हाईक. म्हणजे स्टुडिओतल्या पोर्ट्रेटवर छायाचित्रकाराच्या वारसांचा हक्क गृहीत धरता येत नाही. ते वर्तमानपत्रात पगारी नोकरीला असतील तर आणखी एक पोटभेद: वर्तमानपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता हक्क वर्तमानपत्राच्या मालकाचा, उरलेला छायाचित्रकाराचा. म्हणून आधी चारही गठ्ठ्यांची यादी करा, कोणतं चित्र कुणी कशासाठी काढवून घेतलं. स्टुडिओची पावतीपुस्तकं किंवा पाकिटांवरचे क्रमांक उरले असतील तर ते जपा.

मुदत: २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही छायाचित्रकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं. ते १९८३ पर्यंत चित्रं काढत होते, त्यामुळे १९६८ साली छापलेलं चित्रही किमान २०४३ अखेरपर्यंत संरक्षित आहे. कधीच न छापलेल्या चित्रांसाठी वकिलाला कागद दाखवा.

करार लेखी, सर्व कायदेशीर वारसांच्या सह्यांनी. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशी महोत्सव आणि इंटरनेट दोन्ही यात अडकतात. तेव्हा ‘संपूर्ण जग’, ‘कॉपीराइटची उरलेली पूर्ण मुदत’, ‘चित्रगृह, महोत्सव, दूरचित्रवाणी व इंटरनेट’ हे स्पष्ट लिहा. मूळ निगेटिव्ह कुणाकडे राहतील आणि तुम्ही केलेल्या स्कॅनचा हक्क कुणाचा, हेही. कलम ५७ प्रमाणे कर्त्याची प्रतिष्ठा मलिन होईल अशा विकृतीला हरकत घेता येते आणि तो हक्क वारसही बजावू शकतात. चौकट कापणं, चित्र उलटं करणं, दाणा घालणं, जे काही करणार असाल ते कराराच्या परिशिष्टात नमूद करून सही घ्या.

पोर्ट्रेटमधली माणसं किंवा त्यांचं कुटुंब सापडत असेल तर त्यांना विचारा. कायदा बाजूला ठेवला तरी, पडद्यावर १५ सेकंद ज्याचा चेहरा धरणार त्याच्या घरच्यांना ते आधी कळलेलं असावं.

पंचगंगाकाठ

वारस तिघे आहेत, तिघांच्याही सह्या घेतो. पोर्ट्रेटच्या पाकिटांवर क्रमांक आणि तारखा आहेत, त्यांची यादी करायला घेतली आहे.

काल तालमीची पाच चित्रं १८-१८ फ्रेमवर, वर राखाडी कागदाचा दाणा २० टक्के, असं करून पाहिलं. गोठलेपणा गेला. फक्त तिसरं चित्र इतरांपेक्षा उजळ दिसतंय, म्हणजे ऑटो एक्स्पोजर. तो रोल पुन्हा टिपणार. डीसीपी (चित्रगृहासाठीची डिजिटल प्रत) करताना १०८० च्या चित्राचं काय करायचं, एवढं सांगा.

दाणेदार

डीसीपी बनवायला डीसीपी-ओ-मॅटिक हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ‘फ्लॅट’ घ्या, १९९८×१०८०. तुमचं १९२० मधोमध बसतं, दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेल काळे. ताणून भरू नका, चित्र पुन्हा मोजलं गेलं की दाणा मऊ होतो. २४ फ्रेमच ठेवा. बिटरेट २५० मेगाबिटच्या कमाल मर्यादेजवळ धरा, दाण्याला तो लागतो. आणि पाठवण्याआधी एकदा खऱ्या पडद्यावर पाहा: लॅपटॉपवर २० टक्के बरोबर वाटलेला दाणा ३० फुटी पडद्यावर जास्त दिसतो, बहुधा १२ ते १५ वर यावं लागेल.